मनगटातलं वय

दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाच्या पोटात दोन गोष्टी साठत जातात, आम्लपित्त आणि किस्से. पित्तावर सोडा आहे. किश्शांवर उपाय एकच, चार माणसं बसवून घ्यायची आणि सांगून मोकळं व्हायचं. तेव्हा बसा.

मी निजामाच्या राज्यात, बिदर-गुलबर्ग्याच्या सरहद्दीवरच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. नवरा लवकर गेला. सासरी कोपऱ्यात बसून राहण्यापेक्षा सोलापूरला जाऊन नर्सिंग शिकले. पेशंट मला 'अक्का' म्हणायचे, डॉक्टरसाहेब 'नर्सम्मा' म्हणायचे आणि सासू काय म्हणायची ते इथं सांगण्यासारखं नाही.

आमच्या भागात तेव्हा जन्मतारीख ही चीजच नव्हती. कुणी प्लेगच्या साली जन्मलेला, कुणी दुष्काळात, कुणी 'भुरी म्हैस व्याली त्याच्या आदल्या दिवशी'. आता म्हैस कधी व्याली ते कुणाला ठाऊक? केसपेपर लिहिताना मी वय विचारलं की अर्धे लोक उलट मलाच विचारायचे, "किती लागतंय, अक्का?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. शाळेत घालायला वय कमी लागायचं, पोलिसात भरती व्हायला जास्त लागायचं आणि लग्नाच्या बोलणीत तर ते दर बैठकीला बदलायचं. अशा मुलखात हाडाचा फोटो काढून खरं वय सांगणारं मशीन आलं. मग किस्से नाही साठणार तर काय होणार!

* * *

मशीन सरकारनं दिलं नाही. सरकारकडे टिंक्चर आयोडीन मागवलं तरी हैदराबादेहून उत्तर येईपर्यंत जखम भरून जायची. मशीन दिलं मन्नाएखेळ्ळीच्या संगप्पा शेठनी. तुरीची आडत जोरात, दुसरं लग्न नुकतंच झालेलं आणि पंचक्रोशीत नाव व्हावं ही हौस. मशीनला वीज लागते हे कळल्यावर मागोमाग ऑइल इंजिन आलं. इंजिन सुरू झालं की बाहेरच्या ओळीतले निम्मे पेशंट पळून जायचे, म्हणून त्याच्याभोवती भिंत बांधावी लागली.

पहिला फोटो अर्थातच शेठच्या हाताचा, अंगठ्यांसकट. तो त्यांनी फ्रेम करून दुकानात गादीच्या वर लावला. तूर घेऊन आलेल्या शेतकऱ्याला आधी तो फोटो बघावा लागे आणि मग भाव कळे. एक दलाल तर म्हणाला, "शेठ, हाडं बी कशी घरंदाज दिसायलीत!"

शेठ तेव्हा चाळीस वर्षांचे होते. म्हणजे लग्न ठरवताना तसं सांगितलं होतं.

मशीन सुरू झाल्याबद्दल शेठनी घरी जेवण दिलं. फ्रेम मुद्दाम दुकानातून आणवली आणि डॉक्टरसाहेबांना म्हणाले, मंडळींना जरा समजावून सांगा. आमचे डॉक्टर रहमत हैदराबादेत शिकलेले, सज्जन, पण बोलायला लागले की कुठं थांबावं ते कळत नसे. त्यांनी छडीनं दाखवत सांगितलं की हा सांधा बघा, झिजलेला आहे. इथं हाडाला काटे फुटलेत. हे सगळं साठीच्या पुढं दिसतं. मंडळींनी माना डोलावल्या. स्वयंपाकघराच्या दारात शेठची नवी बायको तुपाची वाटी घेऊन उभी होती, ती तशीच आत गेली.

आठवड्यानं मी दुकानात गेले तर गादीच्या वर नुसता खिळा. मुनीमजींना विचारलं, फोटो कुठं गेला?

ते हळूच म्हणाले, "मालकिणीनं माहेरी दाखवायला नेलाय."

* * *

मशीनची खबर कोर्टाला लागली आणि एक दिवस मुन्सिफसाहेब पानाचा डबा घेऊन स्वतःच दवाखान्यात आले. डॉक्टरसाहेबांना असा श्रोता कधी मिळणार! त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मूल वाढत असतं तोवर मनगटापाशी हाडाचं टोक सुटं दिसतं, मडक्यावर झाकण ठेवल्यासारखं. मध्ये काळी फट असते. वय वाढत जाईल तशी फट बुजत जाते, मुलींची आधी, मुलांची नंतर. फट किती उरली त्यावरून वय सांगायचं. एकदा ती बुजली की पुढं फक्त झीज बघून अंदाज करायचा.

मुन्सिफसाहेबांनी विचारलं, अंदाज किती पक्का? डॉक्टरसाहेब प्रामाणिक माणूस. म्हणाले, दोन साल इकडं, दोन साल तिकडं.

"दो साल इधर, दो साल उधर?" मुन्सिफसाहेब म्हणाले. "इतना तो हमारा पटवारी बिना इंजन के बता देता."

डॉक्टरसाहेबांना ते फार लागलं. ते म्हणाले, "जनाब, हड्डी झूट नै बोलती. मगर साफ बी नै बोलती."

मुन्सिफसाहेबांनी पान तोंडात घातलं आणि विचार केला. "फिर ठीक है," म्हणाले, "हमारे सब गवाह ऐसेच हैं."

दुसऱ्या दिवसापासून कोर्टातून माणसं यायला लागली.

* * *

तहसील कचेरीत माणिकराव नावाचा चपराशी होता. पंचावन्न वर्षं पूर्ण झाली की नोकरी संपायची, म्हणून माणिकराव चोपन्नाच्या पुढं कधी गेलाच नाही. मी गावात आले तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता आणि माझे केस पिकायला लागले तेव्हाही तो चोपन्नच होता. शेवटी नवीन आलेले तहसीलदार वैतागले आणि त्यांनी त्याला हाडाच्या फोटोला पाठवलं.

डॉक्टरसाहेबांनी फिल्म वरून बघितली, खालून बघितली. फटी सगळ्या बुजलेल्या, ते ठीक. पण झीज म्हणून नाही! सांधे लोण्यासारखे गुळगुळीत. डॉक्टरसाहेब चक्रावून गेले. मी म्हटलं, साहेब, जन्मभर कचेरीच्या दारात स्टुलावर बसलेल्या माणसाचे सांधे झिजणार कशानं? त्यांनी सुस्कारा सोडला आणि लिहून दिलं, 'वय बावीसच्या वर. नक्की सांगता येत नाही.'

माणिकरावची नोकरी वाचली. एवढ्यावर गप्प बसला असता तर तो माणिकराव कसला? तो विधुर होता. ते सर्टिफिकेट खिशात घालून तो सोयरीक बघायला कोहिनूर गावी गेला.

पंधरवड्यानं कोहिनूरचा एक बिचारा शेतकरी दवाखान्यात आला. हातात तेच सर्टिफिकेट. म्हणाला, "साहेब, पावणा म्हनायलाय का सरकारनं त्याचं वय बावीस काढलंय. डोळ्याला तर तसं दिसंना. ह्यात लिवलेलं खरं हाय का?"

डॉक्टरसाहेबांनी कागद दोनदा वाचला. सही त्यांचीच होती.

"बावीसच्या वर आहे," ते म्हणाले. "हे मात्र अगदी खरं आहे."

* * *

आता मंठाळच्या बसलिंगप्पाकडे येते. कपाळाला ठसठशीत विभूती, बोलणं मऊ, समोरच्याला सारखं 'अप्पा, अप्पा' म्हणणार. शेती होती, पण खरा धंदा पालकत्वाचा. थोरला भाऊ वारला, त्याच्या मुलाचा हा पालक. धाकटा भाऊ वारला, त्याच्या मुलीचाही हाच पालक. भाऊ वेगळे निघालेले होते, प्रत्येकाचं रान वेगळं होतं. मुलं नाबालिग आहेत तोवर ती रानं बसलिंगप्पा कसणार आणि पीक बसलिंगप्पाच्या घरी जाणार. माणसाला पुतण्यांचं प्रेम असतं ते उगीच नाही.

थोरल्याचा मुलगा शरणप्पा. तो पंधराच्या आसपास असताना काकानंच त्याला फोटोला आणलं होतं. मनगटात चांगली ठसठशीत फट होती. डॉक्टरसाहेबांनी पंधरा लिहिलं. बसलिंगप्पानं विनंती करून ती फिल्म मागून घेतली, दवाखान्याच्या शिक्क्यासकट.

पुढं दर साली शरणप्पा कोर्टात अर्ज करायचा की मी आता बालिग झालो, माझं रान मला द्या. आणि दर साली बसलिंगप्पा धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली तीच फिल्म काढून मुन्सिफसाहेबांपुढं ठेवायचा. मुन्सिफसाहेब ती खिडकीच्या उजेडात धरायचे, डॉक्टरसाहेबांनी शिकवल्याप्रमाणे फट बघायचे आणि अर्ज फेटाळायचे. माणूस वाढतो, फिल्म वाढत नाही, हे त्यांना सांगणार कोण? डॉक्टरसाहेबांनी एकदा सांगून पाहिलं, तर मुन्सिफसाहेबांनी कोर्टाचा अपमान म्हणजे काय ते त्यांना समजावून दिलं.

अखेर एका साली शरणप्पा झुपकेदार मिशी वाढवून आला. एवढंच नाही, कडेवर स्वतःचं पोरगं घेऊन आला. त्याच्या वकिलानं कळवळून सांगितलं की हुजूर, फिल्म बाजूला ठेवा आणि या माणसाच्या तोंडाकडे एकदा बघा.

मुन्सिफसाहेबांनी मिशीकडे बघितलं. मग फिल्मकडे बघितलं. शिक्का नीट निरखला.

"फिल्म सरकारी है," ते म्हणाले. "मूंछ खानगी है."

आणि तो नाबालिग बाप पोराला खांद्यावर घेऊन पुन्हा मंठाळला गेला.

* * *

बायकांनी या मशीनचा उपयोग मात्र फार चांगला केला. एका घरच्या दोन जावा आल्या, दोघीही सत्तरीच्या घरातल्या. भांडण काय, तर हळदीकुंकवात पहिला मान कुणाचा. थोरल्या भावाची बायको म्हणे मी मोठी, धाकटी म्हणे नात्यानं तू मोठी असशील, वयानं मीच मोठी. एकेकीचा जन्म यात गेलेला.

डॉक्टरसाहेब नको नको म्हणत होते, मीच म्हटलं काढा, म्हाताऱ्या आहेत, होऊन जाऊ द्या. दोघींच्या हातांचे फोटो काढले. धाकटीचे सांधे पार झिजलेले, थोरलीचे त्या मानानं ठणठणीत. डॉक्टरसाहेबांनी झिजेवरून धाकटी ती वयानं मोठी असा निकाल दिला. मला आतून हसू येत होतं, कारण त्या घरी जात्यावर कोण बसायचं आणि माजघरात कोण बसायचं हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

थोरलीनं स्वतःचा हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "दळल्यानं मान मिळतोय हे आधी ठावं असतं, तर म्या बी दळले असते की."

* * *

हा एक किस्सा हसत सांगता येत नाही, पण सांगते. निजामाच्या राज्याच्या शेवटच्या धामधुमीच्या दिवसांत पोलिसांचे अमीनसाहेब तीन पोरांना घेऊन आले. गुन्हा काय, तर शाळेवर तिरंगा लावला. पोरं लहान निघाली तर छड्या मारून सोडावी लागणार होती. मोठी निघाली तर तुरुंगात घालता येणार होती. अमीनसाहेबांना तुरुंग हवा होता.

डॉक्टरसाहेबांना स्वतःला त्याच वयाचा मुलगा होता. तरी त्यांनी जे दिसलं तेच लिहिलं. दोघं चौदा-पंधराचे, तिसरा सतरा. मला वाटलं सुटली पोरं. मी त्यांना चहा आणायला आत गेले.

बाहेर आले तर अमीनसाहेब दोघांना सोडून देत होते आणि तिसऱ्याच्या दोरीची गाठ आवळत होते. डॉक्टरसाहेब म्हणाले, अहो, तोही अठराचा नाही!

अमीनसाहेबांनी अगदी अदबीनं सलाम केला. "आप फिकर नक्को करो, डॉक्टरसाब. बाकी का एक साल हवालात में पूरा हो जाता."

* * *

आता गंगू. बसलिंगप्पाच्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. आई आधीच गेलेली, बाप जाऊन सात वर्षं झालेली. पोर असेल चौदाची, फार तर पंधराची, पण एवढंसं अंग आणि डोळे मात्र सगळं बघणारे. आमच्याकडे त्या वयात मुलीचं लग्न झालेलं असायचं. हिचं काकानं होऊ दिलं नव्हतं. लग्न लावलं की जावई येतो आणि जावई आला की बांध मोजतो, हे बसलिंगप्पाला कळत होतं.

शरणप्पाला त्यानं लहान ठेवलं होतं. गंगू त्याला मोठी हवी होती. कारण असं, की तिच्या वाटणीचं ओढ्याकाठचं काळं रान त्यानं पालक म्हणून तीन वर्षांपूर्वीच आपल्या मेहुण्याला विकलं होतं. राहिलेलं रान तिनं काकाला राजीखुशीनं सोडून दिलं असा कागद आता करायचा होता. पण सोडून द्यायला मुलगी बालिग पाहिजे. तेव्हा कोर्टाचा हुकूम झाला, हाडाचा फोटो काढा. कागद झाला की गंगूला एका म्हाताऱ्या विधुराच्या घरी पाठवायचं, हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. ते गंगूला माहीत होतं आणि सगळ्या मंठाळला माहीत होतं.

बसलिंगप्पा बैलगाडीतून दोन बायका घेऊन आला. दोघींचे पदर तोंडावर. त्यातली थोराड बाई त्यानं पुढं केली. "अक्का, ही गंगू. जरा लाजायलीय." दुसरी, बारकीशी, तिला व्हरांड्यात बसवली.

बायकांच्या फोटोला खोलीत फक्त मी असायची, डॉक्टरसाहेब पलीकडून बटण दाबायचे. मी त्या 'गंगू'चा हात प्लेटवर ठेवला. बोटांना घट्टे, नखं झिजलेली. खाली बघितलं तर पायात जोडवी. बिनलग्नाच्या मुलीच्या पायात जोडवी! पदर सरकला तेव्हा ओळखलंच. बसलिंगप्पाची बायको शिवम्मा. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

मी बाहेर येऊन डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. ते कपाळ चोळत म्हणाले, "नर्सम्मा, अपना काम हड्डी का है, नाम का नै." त्या तीन पोरांच्या प्रकरणापासून ते फार घाबरून असायचे. मला त्यांचा राग आला, तो आजही गेलेला नाही.

फिल्म धुऊन झाली. फट तर नव्हतीच, सांधेही चांगले झिजलेले. डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, 'समोर आणलेल्या हाताचं वय पस्तीसपेक्षा कमी नाही.' मग मनगटापाशी बोट ठेवून मला दाखवलं. हाड कधीतरी मोडलेलं होतं आणि कुणीही न बसवता तसंच वाकडं जुळलेलं होतं. तेही त्यांनी लिहिलं.

मी शिवम्माला विचारलं, हात कशानं मोडला होता?

"पडले हुते," ती म्हणाली आणि हात पदराखाली घेतला.

बसलिंगप्पाला पस्तीस ऐकून आनंद झाला. अठरा लागत होते, पस्तीस मिळाले. जास्तीचं कुणाला नको असतं? तो कागदावर शिक्का मारून घ्यायला आत गेला, तेवढ्यात मी व्हरांड्यात जाऊन खऱ्या गंगूला सांगितलं की बाई, तुझं वय पस्तीस निघालंय. मला वाटलं ती रडेल. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. सोलायची थांबली.

"अक्का, आपल्या रानाचं मालक व्हायला किती वय लागतंय?"

अठरा, मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

तारखेला मलाही कोर्टात बोलावलं होतं, हात मीच प्लेटवर ठेवला म्हणून. माझी जबानी घेतली असती तर मी जोडव्यांचं सांगणारच होते, डॉक्टरसाहेबांना आवडो न आवडो. पण माझ्यावर पाळीच आली नाही. मुन्सिफसाहेबांनी डॉक्टरांचा कागद मोठ्यानं वाचला. मुसम्मात गंगू, म्हणजे गंगूबाई, समोर आणलेल्या हाताची उमर पस्तीसपेक्षा कमी नाही, मनगटाचं हाड मोडून वाकडं जुळलेलं. चौथऱ्यावरच्या टेबलापुढं गंगू उभी होती, तिची हनुवटी जेमतेम टेबलाला लागत होती. कुणी हसलं नाही. फिल्म सरकारी होती.

बसलिंगप्पाचा वकील म्हणाला, हुजूर, मुलगी बालिग आहे हे शाबीत झालं, आता अंगठा घ्यावा. शाईची डबी पुढं सरकवली. रिवाज म्हणून मुन्सिफसाहेबांनी विचारलं, तुला काही बोलायचं आहे?

"व्हय साहेब," गंगू म्हणाली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "मी पस्तीस वर्साची हाय, कबूल हाय. मंग माझे अप्पा वारले तवा मी अठ्ठावीसची हुते. म्हंजे बालिग हुते. मंग काका माझा पालक कशानं झाला? वढ्याकाठचं रान त्यानं कुणाला इचारून इकलं? सात सालाचं पीक कुणाच्या हक्कानं नेलं?"

मुन्सिफसाहेबांचं पान तोंडात तसंच राहिलं. त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग वकिलाकडे बघितलं, वकिलानं आपल्या कोटाच्या बटणाकडे बघितलं. मी इतकी वर्षं त्या कोर्टात जात होते, पण साहेबांना खरोखर विचार करताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी बसलिंगप्पाला पुढं बोलावलं आणि सावकाश समजावून सांगितलं. हा हात या मुलीचा असेल, तर तू कधीच तिचा पालक नव्हतास. रानाची विक्री रद्द आणि सात वर्षांच्या पिकाचा हिशोब दे. हात या मुलीचा नसेल, तर तू कोर्टाला फसवलंस. मग अमीनसाहेब बाहेर उभेच आहेत.

"अब बोलो. हाथ किसका है?"

बसलिंगप्पाची विभूती घामानं ओली झाली. 'अप्पा, अप्पा' करत त्यानं पुढची तारीख मागितली. मिळाली नाही. पाणी मागितलं. ते मिळालं. पाणी पिऊन झालं. तो एकदा गंगूकडे बघायचा आणि एकदा मागं बायकांच्या बाजूला बघायचा.

तेव्हा शिवम्मा उठली. गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आली, गंगूच्या शेजारी उभी राहिली. पदराखालून उजवा हात काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. मनगट वाकडं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

"अहो, बोला की," ती नवऱ्याला म्हणाली. "हात माझा म्हना, न्हाईतर पोरीचा म्हना. कुणाचा बी म्हना. पन मोडला कुनी, ते बी साहेबाला सांगा."